तेवीस जोड्या

१३ जानेवारी १९८५

डॉक्टर कार्लेकरबाईंनी सांगितलं, तारखा लिहून ठेवत जा. पाळीच्या, दिवस राहिल्याच्या, गेल्याच्या. कंपनीने वाटलेली डायरी कोरीच पडली होती. म्हटलं, नुसत्या तारखांसाठी एवढी जाड वही कशाला फुकट घालवायची, मनातलंही लिहू. घरात ऐकून घ्यायला तसंही कोणाला वेळ नाही.

आधी मागचं लिहून टाकते. पहिलं एक्याऐंशीच्या गणपतीत गेलं, खाली आरती चालू असताना. दुसरं त्यापुढच्या जूनमध्ये. तिसरं त्र्याऐंशीच्या मेमध्ये, गावाहून येताना महाडच्या एस.टी. स्टँडवर. चौथं आत्ता नोव्हेंबरात. सगळी दोन-अडीच महिन्यांची. एकालाही तीन महिने पुरे करवेनात. घाई कसली होती कोण जाणे.

मी मुलुंडला औषधांच्या कंपनीत इंजेक्शनच्या कुप्या तपासते. कुपी दिव्यासमोर धरायची, उलटी करायची, आत केस, तंतू, काचेचा कण तरंगताना दिसला की बाजूला टाकायची. नऊ वर्षं झाली, माझ्या हातून गेलेली एकही कुपी तक्रार होऊन परत आली नाही. सुपरवायझर म्हणतो, सुगंधाबाईंच्या डोळ्याला तोड नाही. आणि स्वतःच्या पोटात काय बिनसलंय ते मला दिसत नाही.

उद्या संक्रांत. शेजारच्या प्रेमाच्या मुलाचं बोरन्हाण आहे. आमच्या दारात येऊन सासूबाईंना म्हणाली, "मावशी, तुम्ही या हं नक्की." मी दोन हातांवर कांदा चिरत बसले होते. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी काय भिंत आहे? कांदा होता म्हणून बरं, डोळ्यांतलं पाणी खपून गेलं.

२७ जानेवारी

आज पुष्कळ दिवसांनी पोट धरून हसले.

ह्यांच्या कारखान्यात वर्षाची मेडिकल झाली. हे म्हणजे सहदेव, विक्रोळीला लेथवर आहेत. त्यांच्या खात्यात शिवदास म्हणून एक आहे. गळ्यात माळ, दारू नाही, विडी नाही, चहासुद्धा बिनसाखरेचा. खात्यात निम्म्यांना साखर, बाकीच्यांना आणखी काही. तर मेडिकलच्या दिवशी शिवदास पहाटेपासून तांब्यावर तांबे पाणी पितो आणि सगळ्यांच्या लघवीच्या बाटल्या एकटा भरतो. गेली सहा वर्षं असंच चाललंय. यंदा कंपनीचा डॉक्टर म्हणे कागद बघून म्हणाला, "तुमचं खातं म्हणजे एका आईची लेकरं दिसतात." हे सांगताना ह्यांनाही हसू आवरेना.

मी विचारलं, "आणि रक्त काढायला लागले तर?"

"तेसुद्धा शिवदासच देईल," म्हणाले.

ह्यांचं नि सुईचं वाकडं आहे. गणपतीत मंडळाचं रक्तदान होतं तेव्हा रांगेत उभे होते, पुढच्याच्या हातात सुई गेलेली बघूनच आडवे झाले. लेथवर लोखंड कापणारा माणूस, आणि सुईला भितो. तेव्हापासून चाळीतली माणसं ह्यांना 'रक्तदाते' म्हणतात.

४ फेब्रुवारी

कार्लेकरबाईंकडे आम्ही तिघं गेलो. आई, म्हणजे सासूबाई, हटून बसल्या की मीपण येणार.

माझ्या सगळ्या तपासण्या झाल्या. साखर, थायरॉईड, गुप्तरोगाचं रक्त, पिशवीत डाय टाकून तिचा एक्स-रे. त्या डायच्या वेळी टेबलाची कड धरून मी इतकी ओरडले की बाहेरच्या बाईने आपला नंबर सोडून दिला. सगळं चांगलं निघालं. आता बाई म्हणतात, दोघांच्याही रक्तातले क्रोमोसोम तपासायचे. म्हणजे आईबापांकडून येणारे धागे. बापाचे किंवा आईचे धागे आपापल्या जागी नसले तर त्याला स्वतःला काही होत नाही, पण गर्भ टिकत नाही. टिकलाच तर एखादा टिकतो.

आई लगेच म्हणाल्या, "पुरुषाचा रगात कित्याक? पोट हिचा."

बाईंनी शांतपणे विचारलं, "तुमच्या घरात कोणाची अशी मुलं गेली आहेत का?"

"नाय. आमच्या घराण्यात कोणाक कायएक नाय."

हे टेबलावरचा पेपरवेट फिरवत होते. बाईंनी दोन चिठ्ठ्या दिल्या, परळच्या लॅबच्या.

घरी आल्यावर आई मला म्हणाल्या, "माका नऊ झाली, दोन रवली. मी रडत बसलंय काय? तुमका सगळ्याचाच कवतिक." खरंच, बाईमाणसाचं काळीज कसलं असतं. सात गेली आणि डोळ्यांत टिपूस नाही. राहिले ते हे आणि वनमालावन्सं. वन्संनाही मूल नाही. त्यांच्या नवऱ्याने दुसरी आणली, तिला तीन आहेत, आणि वन्सं कणकवलीला त्याच घरात तिची पोरं सांभाळतात. आई म्हणतात, वनमालाचं नशीब. ह्या घरातल्या बायकांना सुख म्हणून लाभतच नाही, बाहेरून आलेली असो की पोटची.

९ फेब्रुवारी

माझं रक्त परवा दिलं. ह्यांचं आज. मी म्हटलं, मी येते सोबत, हात धरते. तर म्हणाले, "मी काय लहान आहे? कारखान्यातून परस्पर जातो." मला खरं वाटेना. पण गेले. संध्याकाळी आले ते शीळ घालतच, हातात जिलबीचा पुडा. म्हणाले, "झालं बाई एकदाचं."

मी दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले, कुठे डागसुद्धा नाही. माझा हात अजून हिरवानिळा आहे. म्हटलं, तुमच्या वाट्याला हलक्या हाताची आली वाटतं. हसले आणि हात सोडवून घेतला.

माझ्यासाठी सुईसमोर बसले. लग्नाला सहा वर्षं झाली, इतका जीव त्यांच्यावर कधी जडला नव्हता. हे लिहून ठेवते.

१० फेब्रुवारी

ह्यांनी शिवदासभावजींना जेवायला बोलावलं होतं. का ते सांगितलं नाही. मी काळ्या वाटाण्याची उसळ, वडे, सोलकढी केली. माळकरी माणूस, तरी बारा वडे खाल्ले. हे शेजारी बसून आग्रह करकरून वाढत होते, आईलासुद्धा कधी इतकं वाढलं नसेल.

भावजींच्या कोपराच्या आतल्या बाजूला पट्टी होती. विचारलं तर ह्यांच्याकडे बघून म्हणाले, "लोखंडाचा कीस उडाला, वहिनी." म्हटलं, जपा हो, तीन मुलांचे बाप तुम्ही. मैत्री असावी तर अशी.

८ मार्च

रिपोर्ट आले. दोघांचेही चांगले.

सोबत फोटो आहेत. बारीक बारीक काळे तुकडे, शेंगा सोलून जोडीजोडीने मांडाव्यात तसे. तेवीस जोड्या. बाईंनी पेन्सिलीने एकेक दाखवली. ह्यांच्या फोटोवरून माझी नजर हलेना. घरात चपला कधी जोडीने न काढणारा माणूस आतून इतका नीटनेटका! एकही तुकडा सुटा नाही, एकही मोडका नाही. इतकी वर्षं कुप्या तपासल्या, असा निर्मळ माल बघितला नाही.

बाई म्हणाल्या, "मग आता कारण सापडत नाही असंच म्हणायचं. पुढच्या वेळी राहिलंच तर देव पावला. गेलंच, तर जे पडेल ते ह्या बाटलीत घालून ताबडतोब घेऊन या. त्यावरून काही कळू शकेल." सलाईन भरलेली बाटली दिली. मी ती देवाच्या फळीखाली ठेवली आहे.

आई चाळभर सांगत सुटल्या, "माझ्या झिलाचो फोटो इलो. एक खोट नाय त्याच्यात." माझाही फोटो आला, त्यातही खोट नाही, ते मात्र कुणाला सांगितलं नाही. दोघं चांगले, मग वाईट कोण? कोणीतरी असायलाच हवं. मी ह्यांचा फोटो डायरीत ठेवला आहे. रोज बघते.

२२ जुलै

पाचवं गेलं. काल, दहाव्या आठवड्यात.

सकाळी मोरीत. मी आईंना हाक मारली, म्हटलं ती बाटली द्या. हातात घेतलं होतं मी, लहान पोरीच्या मुठीएवढं. बाटलीत घातलं, झाकण लावलं. मग मला भोवळ आली. शुद्धीवर आले तेव्हा खाटेवर होते आणि बाटली धुऊन पालथी घातलेली होती.

"असला काय घरात ठेवूचा नसता," आई म्हणाल्या. नाल्यात टाकलं.

मी ओरडले. जन्मात पहिल्यांदा आईंना अरेतुरे केलं. ह्यांना म्हटलं, तुम्ही बोला काहीतरी. हे म्हणाले, "जाऊ दे गं. कळून काय होणार होतं?"

आई आज त्या बाटलीत गोडेतेल भरताना दिसल्या.

६ मार्च १९८६

सहावं. ह्या वेळी पिशवीच्या तोंडाला टाका घालायचा होता, तारीख पुढच्या बुधवारची होती. तेवढंही थांबलं नाही.

लिहायला काही उरलं नाही. फोटो बघितला.

१९ ऑक्टोबर

गेले पंधरा दिवस मी खोलीत शिरले की बोलणं थांबतं. आज शिरले नाही, दाराबाहेरच उभी राहिले. आई म्हणत होत्या, "तुझ्यात खोट नाय, कागद आसा. मग वंश कित्याक बुडवतंस?" हे काही बोलत नव्हते. मी वाट बघितली. भाजी घेतलेला हात भरून आला तरी वाट बघितली. नाही म्हणायला किती वेळ लागतो?

मग आत जाऊन मीच म्हटलं, "मी सोडते. दोघांच्या राजीने होतं ना कोर्टात, तसं करू. दुसरं लग्न करा."

कुणी हाकलायच्या आधी आपण उठावं, पंगतीतला एवढा मान मला कळतो. हे रडले. खरंच रडले, टॉवेलने डोळे पुसून. म्हणाले, "सुगंधा, तू देवमाणूस आहेस." आईंनी आज पहिल्यांदा मला पहिला चहा दिला.

उद्या मुलुंडला दशरथदादाकडे जाते. कंपनीला जवळ पडेल.

८ मे १९८८

कोर्टाचा कागद गेल्या महिन्यात आला. आज आई आल्या होत्या, दादाच्या घरी, पहिल्यांदाच. सोबत फणसाची साटं. चेंबूरच्या भाऊरावांची मुलगी बघितली आहे, मीरा नाव, बावीस वर्षांची. मुलीकडच्यांना शंका आहे की घटस्फोटाचा नवरा, त्याच्यातच काही असेल. आई चाचरत म्हणाल्या, तू दोन ओळी लिहून दिल्यास तर.

दादा चिडला. वहिनी तर साटं परत द्यायला निघाली. पण मला वाटलं, दिलं तर पुरतं द्यावं. मी लिहिलं:

"चि. सौ. कां. मीरा हिच्या वडिलांस. सहदेव यांच्यात कोणताही दोष नाही. मोठ्या लॅबचा रिपोर्ट सोबत आहे. दोष माझ्यातच आहे. निर्धास्तपणे मुलगी द्यावी. सुगंधा."

टाइप केलेला रिपोर्ट दिला. फोटो दिला नाही. तेवढा माझ्याकडे राहू दे. अक्षर मुद्दाम वळणदार काढलं. सही करताना वाटलं, असं किती बायका करू शकतील?

११ सप्टेंबर

मुलुंडच्या बाजारात शिवदासभावजी भेटले. गवार निवडत होते. मला बघून खूश झाले. मी विचारलं, काय म्हणतंय खातं?

"वाट लागली, वहिनी. नवीन डॉक्टर आलाय, संडासाच्या दारात माणूस उभा करतो. माझी बाटली बंद झाली. पाच जण साखरेत पकडले."

मी हसले. ते म्हणाले, "हसा, हसा. तुमच्या वेळी तर मी रक्तसुद्धा दिलं. परळपर्यंत गेलो, नाव विचारलं तर सहदेव म्हणून सांगितलं. काय उपयोग झाला नाही, वाईट वाटतं."

माझं हसू चेहऱ्यावर तसंच होतं. त्यांनी बघितलं आणि गवार खाली ठेवली.

"सहदेव म्हणाला होता, सुगंधाला ठाऊक आहे."

म्हटलं, हो, ठाऊक आहे. जाता जाता म्हणाले, सहदेवकडे गोड बातमी आहे, मीरावहिनींना दोन महिने झाले.

घरी येऊन फोटो काढला. साडेतीन वर्षं मी शिवदासभावजींच्या तेवीस जोड्यांना उराशी धरून बसले होते. ज्याच्या ह्या जोड्या, त्याला तीन मुलं आहेत. असणारच.

१३ सप्टेंबर

कारखान्याच्या गेटवर गेले. सहदेव बाहेर आला. मी आता त्याला अहोजाहो करणार नाही, निदान ह्या वहीत तरी नाही.

आधी नाही म्हणाला. मग म्हणाला, "सुईची भीती वाटली."

मी म्हटलं, "सुईची?"

"माझ्यात निघालं असतं तर आईला काय तोंड दाखवलं असतं?" आणि मग अगदी सहज, "आणि कळून काय फरक पडला असता? मूल थोडंच होणार होतं?"

म्हटलं, मीराला सांग. म्हणाला, "तिचं राहिलंय, तिचं टिकेल. तू नजर लावू नकोस." भोंगा झाला आणि तो आत गेला. शिवदासभावजी गेटमागे उभे होते. हात जोडून म्हणाले, "वहिनी, माझं नाव नको. चौकशी लागली तर पाच जणांबरोबर आणखी पंचवीस जातील, माझ्यासकट."

१५ सप्टेंबर

मीराच्या माहेरचा, चेंबूरचा पत्ता माझ्याकडे आहे. जावं की न जावं? वनमालावन्सं आठवल्या. आईंची सात आठवली. किती सरळ दिसत होतं सगळं. कार्लेकरबाईंनी घरात कोणाची मुलं गेलीत का विचारलं तेव्हा मी तिथेच बसले होते की.

नाही जाणार. मी का जाऊ? मला कोण सांगायला आलं होतं? ती दहाव्या आठवड्यात आहे. बोटं मोजते आहे मी. आज सकाळी कुप्या तपासतानाही मोजत होते. एक खराब कुपी हातून पुढे गेली, सुपरवायझरने दाखवली.

२ ऑक्टोबर

प्रेमा स्टेशनवर भेटली, तिने सांगितलं. मीराचं गेलं. सहदेवने तीन दिवस रजा टाकली होती. माझ्या वेळी एक दिवस.

मला बरं वाटलं. वहीत खोटं कशाला लिहू? बरं वाटलं, आणि संध्याकाळी जेवण गेलं नाही.

१३ ऑगस्ट १९८९

आज दुपारी दादा-वहिनी बाहेर गेले होते. दार वाजलं. दारात एक गोरी, बारीक मुलगी, हातात केसपेपरची पिशवी. म्हणाली, "ताई, मी मीरा."

बसवलं. पाणी दिलं. तिची दोन गेली, दुसरं एप्रिलमध्ये. डॉक्टरांनी दोघांचंही रक्त तपासायला सांगितलंय. "हे म्हणतात, माझं झालंय. रिपोर्ट आहे आमच्याकडे, पण डॉक्टरांना फोटो बघायचाय. तो तुमच्याकडे आहे म्हणे. दोष माझ्यातच असणार, पण त्यांना सगळं पूर्ण लागतं."

डोळ्यांखाली काळं आलं होतं. कोपराच्या आत हिरवानिळा डाग होता. तो बघितला आणि मी सगळं सांगितलं. शिवदास, बाटल्या, परळ, जिलबी, पट्टी. सासूबाईंची सात आणि वन्सं. काही ठेवलं नाही. म्हटलं, फोटो त्याचा नाहीच. त्याला हाताला धरून लॅबमध्ये ने आणि समोर उभी राहा.

ती मान खाली घालून ऐकत होती. मग पिशवीतून एक कागद काढला, घड्यांवर फाटायला आलेला. "हे अक्षर तुमचं ना?"

"माझंच."

"तेव्हा खोटं लिहिलंत, की आता खोटं बोलताय?"

"तेव्हा मला ठाऊक नव्हतं, मीरा."

"मग कधी कळलं?"

"गेल्या सप्टेंबरात."

तिने मनात मोजलं. मोजताना तिचे ओठ हलत होते. माझेही असेच हलतात.

"मला तेव्हा दोन महिने झाले होते," म्हणाली. "त्यानंतर पुन्हा राहिलं. वर्ष झालं की हो. तुम्हाला ठाऊक होतं, आणि तुम्ही आला नाहीत?"

मी घड्याळाकडे बघितलं, साडेतीन वाजले होते.

तिने पत्राची घडी घातली. मग तिचा चेहरा एकदम निवळला, आणि ते मला सगळ्यात जास्त लागलं. "नाही ताई," म्हणाली, अगदी समजुतीच्या सुरात. "इतकं वाईट कोणी नसतं. कळलं असतं तर तुम्ही धावत आला असता. तुम्ही रागाने बोलताय. आई म्हणाल्याच होत्या, ती काहीतरी बोलेल, मनावर घेऊ नको."

"शिवदासला विचार."

"विचारलं. म्हणजे, इकडे यायच्या आधी ह्यांनीच माझ्यासमोर विचारलं, तुम्ही कधीतरी गेटवर असंच काही बोलला होतात म्हणून. ते माळेला हात लावून नाही म्हणाले."

मी डायरीतून फोटो काढला. फाडून टाकावा असं आलं मनात. पण तिने हात पुढे केला होता, आणि फाडला असता तर ती म्हणाली असती, बघा, रागच. दिला. तिने तो उजेडाकडे धरून बघितला. म्हणाली, "किती व्यवस्थित आहेत ना सगळ्या जोड्या."

दारात चपला घालता घालता थांबली. पुढच्या आठवड्यात तिचा डायचा एक्स-रे आहे. हळूच विचारलं, "ताई, त्याने दुखतं का हो फार?"

म्हटलं, "दुखतं."

तेवढं तिला पटलं.